मनोधैर्यची मदत सोलापुरात मिळवताना: कागद, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

मनोधैर्य ही लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना अर्थसाहाय्य देणारी राज्य सरकारची योजना. फिर्याद नोंदवली की ही मदत आपोआप खात्यात येते, असं बऱ्याच घरांना वाटतं. उरलेल्यांना वाटतं की कोर्टाचा निकाल लागेपर्यंत काहीच मिळत नाही. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. पहिल्यामुळे अर्जच होत नाही आणि दुसऱ्यामुळे तो करायला वर्षं निघून जातात. मदत मागण्यासाठी निकालाची गरज नाही, आरोपी सापडलेला असण्याचीही नाही. पण मागावी लागते, लेखी मागावी लागते आणि योग्य दारात मागावी लागते.

जिच्यावर अत्याचार झाला, हा लेख तिच्यासाठी आहेच. त्याहून जास्त तो तिच्याबरोबर धावपळ करणाऱ्यांसाठी आहे: आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बायका, शाळेतल्या बाई, मावशी, भाऊ. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातले अकराही तालुके डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

आधी दारं ओळखा

सरकारचा पैसा एका खिडकीतून येत नाही. उपचाराचा खर्च रुग्णालयात सुटतो, त्यासाठी वेगळा अर्ज नसतो. निवारा आणि समुपदेशन सखी वन स्टॉप सेंटरमध्ये मिळतं. मनोधैर्य योजनेचं अर्थसाहाय्य जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणारं सरकारी कार्यालय, मंजूर करतं. मुलगी किंवा मुलगा अठराच्या आतला असेल, तर बालकल्याण समिती आणि पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं) विशेष न्यायालय ही दोन दारं आणखी उघडतात. ती अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि अ‍ॅट्रॉसिटीची कलमं लागली असतील, तर समाजकल्याण विभागाकडून वेगळी रक्कम मिळते.

एका कार्यालयात कागद दिले म्हणजे ते बाकीच्यांना पोचले, असं समजू नका.

टप्पा १: उपचार, आणि तेही विनामूल्य

फिर्याद आधी की दवाखाना आधी, यावर घरात वाद घालत बसू नका. आधी दवाखाना. शहरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे, ज्याला सगळे सिव्हिल म्हणतात. तालुक्यात उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. पोलिसांची चिठ्ठी नाही म्हणून कोणी परत पाठवत असेल तर ते बेकायदा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयानं अशा रुग्णाला लगेच आणि मोफत उपचार द्यायचे असतात आणि पोलिसांना कळवायचं काम रुग्णालयाचं असतं. उपचार नाकारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत.

वेळेचं गणित इथे फार महत्त्वाचं. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भधारणा टाळण्याची गोळीही जितकी लवकर तितकी उपयोगी. दिवस गेले असतील तर कायद्याप्रमाणे २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, पण प्रत्येक आठवड्याला प्रक्रिया अवघड होत जाते. म्हणून ‘चार दिवस थांबू, बघू’ असं म्हणू नका.

तपासणीसाठी तिची संमती लागते. एखाद्या भागाला ती नाही म्हणू शकते आणि तेवढ्यावरून उपचार थांबवता येत नाहीत. योनीत बोटं घालून केली जाणारी ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयानं मना केली आहे. ती कोणी करू पाहिली तर तिथेच, स्पष्ट शब्दांत नकार द्या.

इशारा: अंगावरचे कपडे धुऊ नका. बदलले असतील तर कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकच्या नको. पण कपडे धुतले गेले, आंघोळ झाली, दिवस उलटले, तरी तपासणीला जाच. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही.

तपासा: निघताना केस पेपर हातात आहे ना? खासगी दवाखान्यानं पैसे घेतलेच असतील तर प्रत्येक पावती जपून ठेवली का?

टप्पा २: फिर्याद आणि तिची प्रत

मनोधैर्यचा सगळा डोलारा एफआयआरवर उभा असतो. सोलापुरात शहरासाठी पोलीस आयुक्तालय आहे आणि बाकी जिल्ह्यासाठी ग्रामीण पोलीस अधीक्षकांचं कार्यालय. हद्दीवरच्या वस्त्यांमध्ये ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर हमखास मिळतं. त्यावर सांगायचं एकच वाक्य: ‘झिरो एफआयआर घ्या.’ गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यानं तो नोंदवून पुढे पाठवायचा असतो. ऊसतोडीला किंवा कामाला सीमेपलीकडे कर्नाटकात गेलेल्या कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावं. गुन्हा दुसऱ्या ठाण्याकडे वर्ग झाला की नवीन गुन्हा रजिस्टर नंबर लिहून घ्या. अर्जावर जुना नंबर राहिला की पडताळणी अडकते.

जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो आणि तो तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या ठिकाणीही घेता येतो. इथल्या कित्येक घरांत तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलली जाते. तिला मराठी नीट येत नसेल तर दुभाष्या मागा आणि सही करण्यापूर्वी जबाब तिला समजेल अशा भाषेत वाचून घ्या. फिर्यादीत जखमा, गरोदरपण, धमक्या, आरोपींची संख्या हे सगळं आलं पाहिजे, कारण मदतीची रक्कम यावरच ठरते. राहून गेलं असेल तर पुरवणी जबाब देता येतो.

एफआयआरची प्रत मोफत मिळते, तो हक्क आहे. लैंगिक गुन्ह्यांची एफआयआर संकेतस्थळावर टाकली जात नाही, त्यामुळे सायबर कॅफेत शोधत बसू नका. ठाण्यातूनच घ्या.

ठाणं फिर्याद घेतच नसेल तर तक्रार लिहून रजिस्टर पोस्टानं वरिष्ठांकडे पाठवा: शहरात आयुक्तालयात, ग्रामीण भागात अधीक्षकांकडे. पोस्टाची पावती फाइलमध्ये. अशा गुन्ह्याची फिर्याद न नोंदवणाऱ्या पोलिसाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. हे कलम शांतपणे, आवाज न चढवता सांगितलं तरी पुरतं.

टप्पा ३: सखी वन स्टॉप सेंटर

घरी परत जाणं धोक्याचं असेल, आरोपी घरातलाच असेल किंवा शेजारी असेल, तर १८१ वर फोन करा आणि सोलापूरच्या सखी केंद्राचा पत्ता विचारा. हे केंद्र केंद्र सरकारच्या निधीतून चालतं. तिथे तात्पुरता निवारा, साधारण पाच दिवसांचा, समुपदेशन, पोलिसांशी संपर्क आणि वकिलाचा सल्ला एका छताखाली मिळतो. पैसे लागत नाहीत. फिर्याद केलेली नसली तरी जाता येतं. जास्त दिवस राहायची गरज असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे शक्ती सदनसारख्या पुढच्या निवाऱ्याची सोय वेळेत होते. पाचव्या दिवशी संध्याकाळी सांगितलं तर सगळ्यांचीच धांदल उडते आणि भोगावं तिला लागतं.

तातडीचा धोका असेल तर ११२, मूल असेल तर १०९८.

टप्पा ४: फाइल बांधणं

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकतात, म्हणून इथे सावकाश वाचा.

लागणारे कागद असे: एफआयआरची प्रत, केस पेपर आणि वैद्यकीय अहवाल असेल तो, आधार, रेशनकार्ड किंवा राहण्याचा दुसरा पुरावा, वयाचा दाखला (शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा), बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, फोटो. जातीचा दाखला लागू असेल तर तोही. वैद्यकीय अहवाल अजून हातात आला नाही म्हणून अर्ज थांबवू नका. ‘अहवाल तपास अधिकाऱ्यांकडे आहे’ असं अर्जात लिहा आणि तो मागवून घेण्याची विनंती करा.

आता खरी मेख. चार कागद शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर-अक्षर वाचा. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक कुटुंबांत ही अडचण घरोघरी दिसते. आधारवर इंग्रजीतून आलेलं तेलुगू आडनाव एका तऱ्हेनं, रेशनकार्डावर मराठीत दुसऱ्या तऱ्हेनं, पासबुकात आडनाव आधी आणि नाव शेवटी, शाळेच्या दाखल्यावर ‘लक्ष्मी’ आणि आधारवर ‘लक्ष्मीबाई’. लग्न झालेल्या बाईचं आधार माहेरच्या नावाचं आणि खातं सासरच्या नावाचं, हे तर नेहमीचंच. एफआयआरमध्ये ठाणे अंमलदारानं कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं, म्हणजे पाचवं रूप तयार.

आधार दुरुस्तीला लाइन लावून महिना घालवण्यापेक्षा दोन गोष्टी करा. एक, अर्जात स्वच्छ लिहा की ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत, आणि सोबत तसं प्रतिज्ञापत्र जोडा. दोन, पैसे ज्या खात्यात येणार त्या खात्याचं नाव आणि अर्जावरचं नाव तंतोतंत एक ठेवा. बाकीचं पुढे सावकाश दुरुस्त होतं.

पत्त्याबद्दलही सांगायला हवं. ऊसतोडीला दिवाळीनंतर बाहेर पडणाऱ्या कुटुंबांचं टपाल बंद दाराशी येऊन परत जातं. पत्रव्यवहारासाठी विश्वासातल्या नातेवाइकाचा पत्ता द्या. मोबाइल नंबर तिचा स्वतःचा किंवा तिनंच निवडलेल्या माणसाचा असावा.

इशारा: तिची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. झेरॉक्सच्या दुकानात समोर उभं राहून प्रती काढा आणि बिघडलेली प्रतसुद्धा परत घ्या. कागदांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, ‘ओळखीचे आहेत, काम करून देतील’ म्हणून नगरसेवकाच्या कार्यालयातही पाठवू नका. मदत करणाऱ्यांकडूनच नाव फुटतं, आणि मग पेठेत राहणं अवघड होतं.

टप्पा ५: बँक खातं

पासबुक उघडा. खातं तिच्या एकटीच्या नावावर आहे का? नवऱ्याबरोबर, सासऱ्याबरोबर जोडखातं असेल तर ते देऊ नका. नवीन उघडा. कितीतरी घरांत पैसे आल्याचा मेसेज ज्या फोनवर जातो, तो फोन दुसऱ्याच्या खिशात असतो. खात्याला जोडलेला नंबर कोणाचा, हे बँकेत विचारून खात्री करा.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. पुरेशी कागदपत्रं न देता उघडलेली खाती ‘लहान खाती’ असतात. त्यात वर्षभरात एक लाखाच्या वर जमा होत नाही आणि शिल्लक पन्नास हजारांच्या वर ठेवता येत नाही. जनधनमध्ये उघडलेल्या काही खात्यांचं असंच आहे. अशा खात्यात मोठी रक्कम पाठवली की अडकते किंवा परत जाते आणि पुन्हा सगळी पत्रापत्री. केवायसी पूर्ण करून खातं साधं बचत खातं करून घ्या. फार दिवस वापरलं नसेल तर शंभर रुपये भरून, काढून ते चालू आहे हे पाहा.

अल्पवयीन मुलीचं खातं पालकासह उघडावं लागतं. आरोपी वडील किंवा घरातलाच माणूस असेल तर पालक कोण, हे घरानं परस्पर ठरवू नये. बालकल्याण समितीकडून ठरवून घ्या.

टप्पा ६: अर्ज दाखल करणं

अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे, जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या कार्यालयात. करमाळा, सांगोला, अक्कलकोटहून यायचं म्हणजे विडीची किंवा यंत्रमागाची एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून आधी १५१०० या हेल्पलाइनवर विचारून घ्या, किंवा तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीची मदत घ्या. एफआयआरची माहिती पोलिसांनी प्राधिकरणाला कळवायची असते. तरी त्यांच्यावर विसंबू नका, स्वतःचा अर्ज द्याच.

अर्जात तीन मागण्या वेगवेगळ्या लिहा:

एक, मनोधैर्य योजनेखाली अर्थसाहाय्य.
दोन, तातडीची अंतरिम मदत, आणि ती का लागते (औषध, प्रवास, भाडं, बुडालेली मजुरी).
तीन, मोफत वकील.

दुसरी मागणी बहुतेकजण लिहीतच नाहीत. मग अंतिम आदेशापर्यंत हाती काही येत नाही. तिसऱ्या मागणीला उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला आणि बालकाला मोफत वकील मिळतो. सरकारी वकील सरकारतर्फे खटला चालवतात, तिचं वैयक्तिक म्हणणं मांडायला तिचा वकील वेगळा लागतो.

रकमेबद्दल: मनोधैर्यमध्ये १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत बलात्कारासाठी ४ ते ७ लाख आणि सामूहिक बलात्कारासाठी ५ ते १० लाख अशी पट्टी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं ती देशभर किमान पातळी म्हणून लागू केली आहे. मंजूर रक्कम याहून कमी दिसली तर वकिलाला हे दाखवा.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घ्या. पोच नसेल तर अर्ज केलाच नाही असं धरून चाला.

तपासा: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ प्रमाणे प्राधिकरणानं चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असते. पोचवरच्या तारखेपासून दोन महिने मोजा आणि कॅलेंडरवर खूण करा. उत्तर नसेल तर त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्या, त्याचीही पोच घ्या.

आरोपी सापडला नाही, ओळखला गेला नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी त्याच कलमाखाली अर्ज करता येतो. घटनेला वर्षं झाली असतील तर विलंब का झाला ते लिहून माफीचा अर्ज जोडा. राष्ट्रीय योजनेत घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे आणि योग्य कारण असेल तर ती शिथिल होते. गप्प बसवलं गेलं, आरोपी घरातला होता, जिवाची भीती होती, ही कारणं लिहायला संकोचू नका. ती खरी कारणं आहेत.

इशारा: ‘रक्कम पास करून देतो, एवढे द्या’ म्हणणारा माणूस भेटला तर एक रुपयाही देऊ नका. अर्जाला शुल्क नाही. आरोपीकडचे लोक ‘त्यापेक्षा आम्हीच देतो, मिटवा’ म्हणत आले तर ते तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा. आणि मदतीसाठी फिर्यादीत नसलेलं काही वाढवून लिहू नका. दावा खोटा ठरला तर रक्कम व्याजासह वसूल होते.

टप्पा ७: अठराच्या आतलं मूल असेल तर

इथे मागण्याची जागा बदलते. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. समिती सहायक व्यक्ती नेमते. हा माणूस मुलाबरोबर दवाखाना, पोलीस ठाणं, कोर्ट इथे जातो, घरच्यांना त्याचे पैसे द्यायचे नसतात. नेमणूक झाली का, हे समितीला विचारा. नाही झाली तर लेखी मागा.

पोक्सो नियम, २०२० मध्ये दोन तरतुदी आहेत. नियम ८ प्रमाणे जेवण, कपडे, प्रवास अशा लगेचच्या गरजांसाठी समिती विशेष मदतीची शिफारस करते आणि ती आठवड्याच्या आत द्यायची असते. नियम ९ प्रमाणे विशेष न्यायालय एफआयआरनंतर कोणत्याही टप्प्यावर अंतरिम भरपाई देऊ शकतं. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत सरकारनं ती द्यायची असते. मुलगी शाळा सोडेल अशी वेळ आली असेल तर फी, पुस्तकं, बसचा पास हा खर्च आकड्यांनिशी त्या अर्जात लिहा. निकालापर्यंत थांबलं तर तिचं दहावीचं वर्ष हातचं गेलेलं असतं.

टप्पा ८: अ‍ॅट्रॉसिटीची रक्कम

सहाय्यक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात पाठपुरावा करायचा. नियमांप्रमाणे बलात्कारासाठी ५ लाख आणि सामूहिक बलात्कारासाठी सव्वाआठ लाख. यातली निम्मी रक्कम वैद्यकीय तपासणी आणि तिला दुजोरा देणारा अहवाल आल्यावर, पाव दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर, उरलेली पाव खालच्या न्यायालयातला खटला संपल्यावर. ‘तुम्ही मनोधैर्यमध्ये अर्ज केलाय ना, मग इथे नाही’ असं सांगितलं गेलं तर मान्य करू नका. ही मदत इतर कायद्यांखालच्या भरपाईच्या हक्कावर गदा आणत नाही.

इथे सगळं एफआयआरमधल्या कलमांवर अवलंबून असतं. जात सांगूनही कलम लावलं नसेल, तर जातीचा दाखला जोडून तपास अधिकाऱ्याकडे कलमवाढीची लेखी मागणी करा. दोषारोपपत्र जाण्याआधी.

टप्पा ९: आदेश हाती आल्यावर

आदेश वाचताना तीन गोष्टी पाहा: एकूण रक्कम, रोख किती आणि मुदत ठेवीत किती, आणि ठेवीची मुदत. राष्ट्रीय योजनेत साधारण पाऊण रक्कम ठेवीत आणि पाव हातात असते, अल्पवयीन असेल तर ८० टक्के ठेवीत. ठेवीचं व्याज दर महिन्याला तिच्या बचत खात्यात जमा व्हायला हवं. बँकेनं ते ठेवीतच साठवत ठेवलं असेल तर आदेशाची प्रत दाखवून बदलून घ्या. शिक्षण, आजारपण किंवा तसंच तातडीचं कारण आलं तर मुदतीआधी पैसे काढण्याची परवानगी प्राधिकरणाकडे मागता येते. परवानगी न घेता त्या ठेवीवर कर्ज काढण्याच्या सल्ल्याला बळी पडू नका. ठेवीची मूळ पावती तिच्या ताब्यात असू द्या.

रक्कम कमी वाटली किंवा अर्ज फेटाळला तर राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे अपील करता येतं. मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस. आदेश हाती पडला ती तारीख प्रतीच्या कोपऱ्यात त्याच दिवशी लिहा, सही करा. पाकीट फेकू नका, टपालाचा शिक्का पुरावा ठरतो.

खटला सुरू झाल्यावर साक्षीला बोलावलं तर येण्याजाण्याचा साक्षीभत्ता न्यायालयात मागा. तो त्याच दिवशी, साक्ष संपल्यावर, कोर्टातून निघण्याआधी मागायचा असतो. बार्शीहून सकाळच्या एसटीनं आलेल्या बाईला संध्याकाळी परत फिरताना हे कोणी सांगत नाही. एसटीची तिकिटं जपून ठेवा.